दुर्बिणीचं ऑपरेशन किती वेळ चालतं? पिशवी (गर्भाशय), गाठ, सिस्ट : आत जाणारीसाठी आणि बाहेर बसणाऱ्यांसाठी

वहिनीला सकाळी सव्वाआठला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधे नेलं. आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "तासाभराचं काम आहे, काळजी करू नका." साडेनऊला दादाने पहिल्यांदा घड्याळ बघितलं, दहाला आई उठून दारापर्यंत जाऊन आली, साडेदहाला आत्याने घरून आणलेला पोह्यांचा डबा समोर ठेवला तर त्याला कुणी हात लावला नाही, आणि अकरानंतर आम्ही एकमेकांशी बोलणंच बंद केलं होतं. दारावरचा लाल दिवा तसाच चालू. दोनदा सिस्टर बाहेर आल्या, दोन्ही वेळा "चालू आहे" एवढंच बोलून परत आत गेल्या. पावणेबाराला स्ट्रेचर बाहेर आलं, वहिनी अर्धवट शुद्धीत होती पण एकदम व्यवस्थित होती, आणि आई तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली.

नंतर आम्ही फाईलच्या कॉपीज मागून घेतल्या तेव्हा त्यात भूलतज्ज्ञांचा कागद होता, त्यावर सगळ्या वेळा लिहिलेल्या होत्या. पहिला छेद नऊ वीसला, शेवटचा टाका दहा पंचावन्नला. म्हणजे प्रत्यक्ष ऑपरेशन दीड तासाच्या आसपास आणि आम्ही बाहेर बसलो साडेतीन तास. डॉक्टर खोटं बोलले नव्हते, पण त्यांचा "तास" कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो हे आम्हाला त्या हॉस्पिटलमधे कुणी सांगितलंच नाही, आणि त्याचा राग मला आजही आहे कारण दोन वाक्यं कुणी आधी बोललं असतं तर आईचं बीपी त्या दिवशी एवढं चढलं नसतं.

पुढच्याच वर्षी माझी स्वतःची चॉकलेट सिस्ट (अंडाशयावरची, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) निघाली आणि मी त्याच दाराच्या आतल्या बाजूला गेले. मी डॉक्टर नाही. पण दोन्ही बाजूंनी हे बघितलंय, भरपूर विचारलंय, आणि पुण्यात ज्या बायकांना पुढच्या महिन्या दोन महिन्यांत ऑपरेशनची तारीख मिळालीये त्यांच्या घरच्यांनी तरी वेळेचा हिशोब नीट करून जावं म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की डॉक्टर जो वेळ सांगतात तो बहुतेक वेळा छेद घेतल्यापासून टाके पडेपर्यंतचा असतो. आपण मोजतो दार बंद झाल्यापासून पेशंट बाहेर येईपर्यंत. या दोन्हीच्या मधे काय काय असतं बघा. आत नेल्यावर आधी बाहेरच्या खोलीत फाईल, नाव, सह्या, ब्लड ग्रुप सगळं परत तपासतात, कधी भूलतज्ज्ञ दुसऱ्या हॉस्पिटलमधली केस संपवून येत असतात (पुण्यात लहान नर्सिंग होममधे हे फार कॉमन आहे, डॉक्टर कोथरूडहून हडपसरला यायचे म्हटले की ट्रॅफिक आलंच), मग टेबलावर घेऊन सलाईन, ईसीजीच्या पट्ट्या, मग भूल देऊन घशात श्वासाची नळी, मग पाय वर घेऊन पोझिशन, लघवीची नळी, पोट औषधाने पुसणं, हिरवे कपडे टाकणं, कॅमेरा जोडणं. यात अर्धा तास सहज जातो. ऑपरेशन झाल्यावर भूल उतरवून श्वासाची नळी काढायला दहा पंधरा मिनिटं आणि मग रिकव्हरी रूममधे अर्धा ते एक तास, कधी त्याहून जास्त, कारण पेशंट नीट बोलेपर्यंत, बीपी ऑक्सिजन स्थिर होईपर्यंत वॉर्डात पाठवत नाहीत आणि पाठवूही नये. म्हणून माझा साधा हिशोब असा की डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळात दीड ते दोन तास मिळवा, आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना तोच आकडा सांगा. तासाचं ऑपरेशन असेल तर "तीन तास लागतील" म्हणा, लवकर झालं तर आनंदच आहे.

आता कशाला किती. हे आकडे साधारण आहेत, छेद ते टाके असे, आणि प्रत्येक बाईचं पोट वेगळं असतं हे धरून वाचा.

गर्भाशयाच्या आत नुसती दुर्बीण घालून बघणं, म्हणजे हिस्टेरोस्कोपी, ५ ते १५ मिनिटं. यात पोटावर छेदच नसतो, खालून दुर्बीण जाते, काही ठिकाणी पूर्ण भूल न देतासुद्धा करतात. आतला पॉलिप (अस्तरावरची लोंबती वाढ) काढायचा तर १५ मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत. आतल्या बाजूला असलेला फायब्रॉईड (पिशवीच्या स्नायूची गाठ) काढायचा असेल तर अर्धा ते एक तास, आणि इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते. पिशवी फुगवायला सलाईन आत सोडतात आणि त्यातलं थोडं शरीरात शोषलं जातं, किती सोडलं किती परत आलं याचा हिशोब सिस्टर सतत ठेवत असतात, तब्येतीने चांगल्या बाईसाठीसुद्धा साधारण अडीच लिटर शोषलं गेलं की थांबायचं अशी मर्यादा आहे. गाठ मोठी असेल आणि मर्यादा आली तर डॉक्टर तिथेच थांबतात आणि उरलेली गाठ काही आठवड्यांनी दुसऱ्या सिटिंगमधे काढतात. "अर्धवट ऑपरेशन केलं" असं म्हणून भांडायला जाऊ नका, थांबणारा डॉक्टर चांगला डॉक्टर.

पोटातून दुर्बीण, म्हणजे लॅप्रोस्कोपी. नुसतं बघायचं, नळ्या उघड्या आहेत का तपासायचं तर २० ते ४० मिनिटं. कुटुंबनियोजनाचं दुर्बिणीचं ऑपरेशन १५ ते ३० मिनिटं. अंडाशयावरची साधी सिस्ट पाऊण ते दीड तास. चॉकलेट सिस्ट एक ते दोन तास, कारण ती आजूबाजूला चिकटलेली असते आणि अंडाशयाचा चांगला भाग वाचवत सोलून काढायची असते. नळीतलं गर्भारपण असेल तर साधारण पाऊण ते एक तास, पण तिथे किती वेळ लागेल हे विचारत बसायचंच नाही, किती लवकर आत नेताय हे विचारायचं.

पिशवी काढणं, ज्याला फाईलवर टीएलएच (टोटल लॅप्रोस्कोपिक हिस्टेरेक्टॉमी) लिहितात, एक ते तीन तास. फायब्रॉईड काढून पिशवी ठेवायची असेल तर तेवढाच किंवा जास्त, आणि हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं की पिशवी ठेवायला जास्त वेळ कसा. तर गाठ काढल्यावर जो खड्डा राहतो तो दुर्बिणीतूनच थर थर धरून शिवायचा असतो, पुढे त्याच पिशवीत बाळ वाढायचं असेल तर ती शिवण मजबूत हवी, त्यात घाई करून चालत नाही. शिवाय निघालेली गाठ एवढ्याशा भोकातून बाहेर काढायची कशी? तुकडे करावे लागतात. २०१४ मधे अमेरिकेच्या एफडीएने (औषधं, उपकरणं यांवर देखरेख करणारी तिथली सरकारी संस्था) मशीनने पोटात उघड्यावर तुकडे करण्याबद्दल इशारा दिला, कारण गाठीत न कळलेला कॅन्सर असला तर तो पसरू शकतो, तेव्हापासून गाठ प्लॅस्टिकच्या बॅगमधे ठेवून तुकडे करण्यावर भर आहे. त्यात वेळ जातो, जाऊ द्या. उलट "बॅगमधे काढणार का" हे आधी जरूर विचारा.

एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) आतड्यापर्यंत, मूत्रनळीपर्यंत गेलेला असेल तर तीन चार तास, कधी त्याहूनही जास्त, आणि सोबत पोटाचे सर्जनसुद्धा लागतात. अंग बाहेर येणं यासाठी दुर्बिणीतून जाळी लावायची तर दोन ते चार तास.

रोबोटचं आजकाल पुण्यात बरंच ऐकू येतं. रोबोट म्हणजे मशीन स्वतः ऑपरेशन करत नाही, डॉक्टरच बाजूच्या कन्सोलवर बसून करतात. त्याचे हात पेशंटच्या पोर्टला (पोटावरच्या छेदांत बसवलेल्या नळ्यांना) जोडायला आणखी दहा पंधरा मिनिटं लागतात आणि बिल वाढतं. अवघड केसमधे, खूप शिवायचं असेल तिथे त्याचा उपयोग आहे, पण साध्या पिशवीसाठी रोबोट केल्याने तुम्ही फार लवकर बऱ्या व्हाल असं नाही, म्हणून मी तरी त्यासाठी जास्तीचे पैसे घालणार नाही.

आणि एक पद्धत लोक विसरतातच. खालून पिशवी काढणं, पोटावर एकही भोक नाही. पिशवी फार मोठी नसेल, पोटात चिकटलेलं नसेल तर हे बऱ्याचदा दुर्बिणीपेक्षा लवकर होतं, खर्चही कमी, आणि जिथे जमण्यासारखं आहे तिथे हाच पहिला पर्याय असं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनासुद्धा सांगतात. डॉक्टरांना सरळ विचारा, "माझं खालून होण्यासारखं आहे का?" आणि नाही म्हणाले तर का नाही ते विचारा.

त्याच्याही आधीचा प्रश्न, काढायलाच हवी का. २०१९ मधे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारला समिती नेमावी लागली. पुण्यात शिकलेल्या घरांतसुद्धा "मुलं झाली ना, मग काढून टाका कटकट" हे मी स्वतःच्या कानाने ऐकलंय. जास्त अंगावरून जात असेल तर गोळ्या आहेत, हार्मोनवाली कॉपर टीसारखी वस्तू मिळते ती पिशवीत बसवता येते, बसवायला पाच दहा मिनिटं लागतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यात एक संध्याकाळ जाईल, ती घालवा.

मग ठरलेला वेळ वाढतो कशाने? वहिनीच्या बाबतीत दोन सिझेरियन झालेली होती. सिझेरियननंतर मूत्राशय पिशवीला पुढून चिकटतं आणि ते मिलीमीटर मिलीमीटर सोडवावं लागतं, कारण तिथे घाई झाली तर मूत्राशयाला भोक पडतं. आम्हाला नंतर डॉक्टरांनी मोबाईलवर ऑपरेशनचा व्हिडिओ दाखवला, त्यात चांगली वीस मिनिटं फक्त एक पांढरट पडदा हळूहळू बाजूला होताना दिसत होता, बाकी काही घडतच नव्हतं, आणि तीच वीस मिनिटं आम्ही बाहेर देवाचा धावा करत होतो. ती वीस मिनिटं बघितल्यावर माझा डॉक्टरांवरचा राग गेला. नीट सांगितलं नाही याचा राग वेगळा.

बाकी कारणं म्हणजे पिशवीचा आकार (डॉक्टर "१४ आठवड्यांची पिशवी" म्हणतात तेव्हा गर्भारपणात त्या आठवड्याला जेवढी असते तेवढी वाढलीये असा अर्थ), वजन जास्त असणं, आधीचं अपेंडिक्स वगैरे ऑपरेशन, मधेच रक्तस्राव. अंडाशयाची गाठ संशयास्पद असेल तर तिचा तुकडा लगेच पॅथॉलॉजीला पाठवतात, त्याला फ्रोझन म्हणतात, उत्तर यायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि तोपर्यंत पेशंट भुलीतच टेबलावर असते. हे होणार असेल तर आधी सांगतातच, तुम्ही ते बाहेर बसणाऱ्यांना सांगून ठेवा. आणि कधी कधी दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन पोट उघडून पूर्ण करावं लागतं. संमतीपत्रावर ते लिहिलेलं असतं. ते वाचून सही करा, आणि तसं झालंच तर डॉक्टर नापास झाले असं धरू नका.

वेळ कमी म्हणजे डॉक्टर हुशार, असं पण नाही. पुण्याचं नाव या कामात जगभर आहे. डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या टीमने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन दुर्बिणीतून करायची पद्धत बसवली, ती पुणे टेक्निक म्हणूनच ओळखली जाते, २००७ मधे त्यांनी २४८ पेशंटचा अनुभव मांडला त्यात मध्यक वेळ होता फक्त ९२ मिनिटं. आणि २०१७ मधे भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण त्यांनीच इथे केलं, आईचं गर्भाशय दुर्बिणीतून काढून मुलीला बसवलं. पण २०१८ मधे एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला, त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर बायकांचं जगणं जास्त चांगलं दिसलं, त्यानंतर त्या एका आजारासाठी बऱ्याच ठिकाणी परत उघड्या ऑपरेशनकडे वळले. म्हणून कॅन्सरचा संशय असेल तर "दुर्बिणीनेच करा" असा हट्ट धरू नका.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्यायचे माझे प्रश्न हे होते. आत नेल्यापासून वॉर्डात परत येईपर्यंत किती वेळ धरू? त्या दिवशीच्या लिस्टमधे माझा नंबर कितवा? माझ्या केसमधे वेळ वाढण्याचं सगळ्यात मोठं कारण काय असू शकतं? ऑपरेशन लांबलं तर बाहेर कोण येऊन सांगणार? हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर माझ्या डॉक्टर दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मी सिस्टरना सांगते, दर तासाला एक फोन करतील." आणि खरंच केले. माझं ऑपरेशन दोन तासांचं सांगितलं होतं, दोन तास वीस मिनिटं लागली, आई बाहेर शांत बसून होती.

लिस्टचा नंबर महत्त्वाचा आहे. पहिली केस असेल तर साधारण वेळेवर आत नेतात. तिसरी असेल तर आधीच्या दोघींचं जे वाढेल ते सगळं तुमच्या उपाशी पोटावर येतं. शुगर असेल तर पहिला नंबर मागून घ्या, बहुतेक डॉक्टर देतातच.

उपास हा स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडे "रात्री बारानंतर काही नाही" असं सरसकट सांगून मोकळे होतात. भूलशास्त्राचे नियम असे आहेत की हलकं खाणं ६ तास आधी, तळलेलं जड असेल तर ८ तास, आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यातच, म्हणजे ६ तास. सासूबाई प्रेमाने पहाटे "घोटभर घे गं" म्हणतील, घेऊ नका, भूलतज्ज्ञांना कळलं तर केस पुढे ढकलतात आणि ते बरोबरच आहे, कारण भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. तुमची केस दुपारची असेल तर पीएसीच्या वेळी, म्हणजे भूलतज्ज्ञ आधी तपासतात तेव्हा, "पाणी कितीपर्यंत पिऊ" हे स्वतः विचारा. रोजच्या गोळ्यांचंही तेव्हाच, बीपीची घ्यायची का, शुगरची थांबवायची का, रक्त पातळ करायची कधी बंद करायची. स्वतःच्या मनाने काही नाही.

तारीख ठरवताना पाळी बघा. हिस्टेरोस्कोपी शक्यतो पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत करतात कारण तेव्हा आतलं अस्तर पातळ असतं आणि स्पष्ट दिसतं. आणि हिमोग्लोबिन बघा! फायब्रॉईडमुळे वर्ष वर्ष जास्त अंगावरून गेलेलं असतं, तपासलं की आठ निघतं, आणि मग ऑपरेशन तीन चार आठवडे पुढे जातं, तोपर्यंत लोहाची इंजेक्शनं. हे तीन चार आठवडे कुणी हिशोबात धरत नाही, मुलीची दहावी, दिवाळी, ऑफिसची रजा सगळं जुळवून तारीख काढतात आणि मग ती हलते. म्हणून ऑपरेशनचं नुसतं बोलणं सुरू झालं की आधी रक्त तपासा. आणि गणपतीत पेठांच्या आसपासच्या हॉस्पिटलमधे असाल तर विसर्जनाच्या दिवशी डिस्चार्ज येणार नाही असं बघा, मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते, रस्ते बंद, टाके घेतलेल्या बाईला घेऊन गल्लीबोळातून फिरायची वेळ येते.

आदल्या रात्री नेलपॉलिश काढा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात त्याला अडथळा नको. दागिने घरीच, कारण ऑपरेशनमधे करंटचं उपकरण वापरतात आणि धातूमुळे भाजायची शक्यता असते. वहिनीची जोडवी लग्नापासून, म्हणजे चौदा वर्षं पायात, निघता निघेनात. ओटीत न्यायला मावशी स्ट्रेचर घेऊन उभ्या आणि आई बेसिनजवळचा लिक्विड सोप घेऊन वहिनीच्या पायाशी बसलेली, एक निघालं, दुसऱ्याला दोरा गुंडाळून काढलं. बोट लालबुंद झालं. घरी आदल्या दिवशी कोमट पाण्यात पाय ठेवून, तेल लावून शांतपणे काढा, आणि जोडवी मंगळसूत्र रुमालात बांधून घरच्या एकाच माणसाकडे द्या.

बाहेर बसणाऱ्यांनी कमीत कमी दोघं असावं. एक ओटीच्या दाराशी, दुसरा फार्मसी, रक्तपेढी, बिलिंग या धावपळीला. ऑपरेशन संपल्यावर डॉक्टर काढलेली पिशवी किंवा गाठ ट्रेमधे घेऊन बाहेर येतात आणि दाखवतात, फोटो काढायला सांगतात. ज्याला रक्त बघवत नाही त्याला तिथे पुढे करू नका. आमच्याकडे दादाच मटकन खाली बसला होता.

शुद्धीवर आल्यावर घसा खवखवतो, नळीमुळे. थंडी वाजते. चेहरा, डोळे थोडे सुजल्यासारखे दिसतात कारण ऑपरेशनभर डोकं खाली आणि पाय वर असतात. आणि खांदा दुखतो. खांदा का दुखतोय म्हणून मी घाबरले होते, हार्टचं काही आहे का वाटलं. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साईड भरतात, तो शेवटी काढतात पण थोडा राहतो आणि छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याखाली जाऊन बसतो, त्या पडद्याची नस आणि खांद्याची संवेदना एकाच ठिकाणाहून येते. एक ते तीन दिवसांत जातो. चालल्याने बरं वाटतं, म्हणून सहा आठ तासांनी सिस्टर उठवायला आल्या की "आज नको" म्हणू नका. पाय चालते राहिले की रक्ताच्या गुठळीचा धोकाही कमी होतो. "वारा सरला का?" हा प्रश्न दिवसातून पाच वेळा विचारतील, लाजायचं नाही, आतडी परत कामाला लागल्याची ती खूण आहे.

हिस्टेरोस्कोपी आणि नुसत्या तपासणीच्या लॅप्रोस्कोपीनंतर बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. सिस्टला एक रात्र. पिशवीला एक ते दोन रात्री. पण "उद्या सकाळी डिस्चार्ज" म्हणजे सकाळी घरी असं समजू नका. राउंड, समरी टाईप होणं, औषधं परत करणं, बिल, मग टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था). २०२४ च्या मे महिन्यात आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) जे परिपत्रक काढलं त्यात कॅशलेसची मंजुरी अर्ज आल्यापासून एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायला सांगितलंय. हे माहीत असलं की काउंटरवर शांतपणे पण ठामपणे बोलता येतं. त्या दिवशीची रिक्षा किंवा कॅब दुपारी चारनंतरचीच धरा. आणि पॉलिसी आधी वाचा, बऱ्याच पॉलिसींमधे पिशवी, फायब्रॉईड यांना दोन वर्षांपर्यंतचा वेटिंग पीरियड असतो. आणखी एक, तुमच्या केसपेपर्सच्या कॉपीज मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, तो नियम २००२ पासूनचा आहे, तेव्हा ऑपरेशन नोट्ससकट सगळं मागून ठेवा. पुढे कधी परत पोट उघडायची वेळ आली तर आत काय चिकटलं होतं हे पुढच्या डॉक्टरांना त्यातूनच कळतं.

आता खरा वेळ, म्हणजे घरचा. पोटावर तीन चार छोट्या पट्ट्या बघून घरच्यांना वाटतं काही झालंच नाही. माझ्या एका मैत्रिणीला पिशवी काढल्यावर आठव्या दिवशी पाहुण्यांचा स्वयंपाक करायला लावला, आणि बाहेरून दिसत नसलं तरी आत योनीच्या टोकाला टाके असतात, ते भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. हे नवऱ्याला डॉक्टरांच्या समोर सांगायला लावा, शरीरसंबंध तेवढे दिवस नाही म्हणजे नाही. हिस्टेरोस्कोपीनंतर एक दोन दिवसांत कामाला लागता येतं. सिस्टनंतर एक ते दोन आठवडे. पिशवीनंतर घरून लॅपटॉपवर काम दहा बारा दिवसांनी जमतं, ऑफिसला जाणं तीन ते सहा आठवड्यांनी. पाण्याची बादली, सिलेंडर, कडेवर मूल, कुकर भरून उचलणं हे चार ते सहा आठवडे नाही. टू व्हीलर तीन चार आठवडे नाही, आणि मागे बसूनसुद्धा नाही, आपल्या सिंहगड रोडचे खड्डे आणि स्पीडब्रेकर तुम्हाला माहीतच आहेत. अचानक ब्रेक दाबताना पोटात कळ येत नाही हे घरी बसल्या बसल्या पाय जोरात दाबून बघा, मग गाडी काढा. फायब्रॉईड काढून पुढे बाळ हवं असेल तर साधारण तीन ते सहा महिने थांबायला सांगतात, नक्की किती ते तुमची शिवण किती खोल होती यावर, डॉक्टरच सांगतील.

आणि हे मात्र नीट वाचा. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुखणं रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. वाढत असेल तर ते बरोबर नाही. आतड्याला कुठे इजा झाली असली तर ती लगेच नाही, दोन ते पाच दिवसांत बोलायला लागते, मूत्रनळीचं तर आठवड्या दोन आठवड्यांनीही कळतं. पोट फुगत चाललंय, ताप आलाय, उलट्या थांबत नाहीत, लघवी होत नाही किंवा खालून सतत पाण्यासारखं येतंय, पॅड तासाभरात भिजतंय, एक पोटरी सुजून दुखतेय, श्वास लागतोय, यातलं एकही असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करा, सकाळची वाट बघू नका. दहाव्या बाराव्या दिवसाच्या आसपास टाके विरघळताना थोडा गुलाबी तपकिरी डाग लागू शकतो, तो चालतो, पण लालभडक आणि वाढतं असेल तर लगेच दाखवा. डिस्चार्जच्या कागदावर रात्रीचा इमर्जन्सी नंबर लिहून घ्या, फक्त ओपीडीचा नाही.

काढलेल्या भागाचा बायोप्सी रिपोर्ट यायला साधारण आठवडा लागतो. हॉस्पिटल फोन करेल म्हणून थांबू नका, स्वतः जाऊन आणा आणि डॉक्टरांना दाखवूनच फाईलला लावा. वहिनीचा रिपोर्ट बारा दिवस काउंटरवर पडून होता, कुणी सांगितलंच नाही, दादा टाके दाखवायला घेऊन गेला तेव्हा सहज विचारलं म्हणून हातात आला. नॉर्मल होता.